मध्यम कारखान्याच्या मालकाने डेटा आणि एआय निर्णयांसाठी कसे वापरावेत

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीतला, वाहन उद्योगासाठी सुटे भाग मशीनिंग करून देणारा, पन्नास ते दोनशे माणसांचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अशा कारखान्यात डेटाची टंचाई नसते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून जवळजवळ प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीखवार नोंद होते, पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस काढावेच लागते, आणि कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग राहणे बंधनकारक आहे. त्याशिवाय टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर असते, बँकेचे उतारे असतात, विजेची बिले असतात आणि शिफ्ट इनचार्जच्या वहीत रोजचे उत्पादन लिहिलेले असते. तरीही दर बदलून मागायचा की नाही, कोणाला किती उधार द्यायचे, नवे सीएनसी (संगणकाने चालणारे) मशीन घ्यायचे की रविवारी ओव्हरटाइम लावायचा, हे सारे बहुतेक ठिकाणी मालकाच्या अंदाजावरच ठरते. अंदाज वाईट असतो असे नाही. पण तो तपासला जात नाही, आणि म्हणून सुधारतही नाही. पुढच्या पायऱ्या त्या तपासणीसाठी आहेत.

पहिली पायरी: निर्णयांची यादी

सॉफ्टवेअर विकणारा भेटायला येण्याआधी मालकाने स्वतः बसून वारंवार घ्यावे लागणारे दहा-बारा निर्णय कागदावर लिहावेत. प्रत्येकासमोर चार गोष्टी नोंदवाव्यात: तो किती दिवसांनी घ्यावा लागतो, प्रत्यक्षात कोण घेतो, आज कशाच्या आधारावर घेतो आणि चुकला तर साधारण किती रुपयांना पडतो. ही यादी बनवताना एक गोष्ट हमखास ध्यानात येते. मालक ज्यावर सर्वाधिक वेळ घालवतो, ते निर्णय बरेचदा महिन्याला काही हजारांचे असतात, आणि कच्चा माल किती उचलायचा यासारखे लाखांचे निर्णय स्टोअर्समधला माणूस एकटाच घेत असतो.

यादीतून सुरुवातीला एकच निर्णय निवडावा. माझ्या मते तो उधारीचा असावा. त्यामागचे कारण साधे आहे. इनव्हॉइसची तारीख, रक्कम आणि पैसे जमा झाल्याची तारीख ही माहिती बहुतेक कारखान्यांत आधीपासूनच बऱ्यापैकी शुद्ध असते, तिच्यासाठी एकही सेन्सर बसवावा लागत नाही, आणि निर्णय सुधारला की फरक थेट चालू खात्यात दिसतो.

दुसरी पायरी: नावे आणि व्याख्या पक्क्या करणे

टॅलीत एकच ग्राहक ‘प्रा. लि.’ लावून, न लावून आणि पुण्याच्या प्लांटच्या नावाने असा तीन खात्यांत विखुरलेला असतो. हे जुळवण्यासाठी जीएसटी क्रमांकासारखे सोपे साधन दुसरे नाही. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, गुजरातचे २४) आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या संस्थेचा पॅन. एक्सेलमध्ये तिसऱ्या ते बाराव्या अक्षरांचा वेगळा स्तंभ काढला, की चाकण, साणंद आणि होसूर येथे प्लांट असलेला एकच ग्राहक एका ओळीत येतो आणि त्याच्याकडे एकूण किती रक्कम अडकली आहे ते कळते. मालाच्या बाबतीत मात्र एचएसएन क्रमांकावर (जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक) विसंबू नये, कारण एकाच एचएसएनखाली अनेक वेगवेगळे भाग येतात. तिथे ग्राहकाचा पार्ट नंबर आणि ड्रॉइंगची आवृत्ती हीच खूण धरावी.

व्याख्यांचा गोंधळ याहून खोल असतो. ‘या महिन्यात किती डिस्पॅच झाले’ असे विचारले तर विक्री विभाग इनव्हॉइस मोजतो, स्टोअर्स गेटपास मोजते आणि प्रॉडक्शनवाले पॅकिंग झालेल्या पेट्या मोजतात. रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या नगांचे, तर विचारायलाच नको: टक्केवारी नगांवर की वजनावर, सेटअपचे पीस त्यात धरायचे की नाही, रीवर्क (दुरुस्ती) करून पास झालेला नग कुठे मोजायचा, कास्टिंगच्या दोषामुळे गेलेला नग आपल्या खाती की फाउंड्रीच्या, आणि ग्राहकाने दोन महिन्यांनी परत पाठवलेला माल कोणत्या महिन्यात धरायचा. प्रत्येक आकड्यासाठी एक-दोन ओळींची लेखी व्याख्या आणि त्या आकड्याला जबाबदार असलेल्या एका व्यक्तीचे नाव एवढे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे काम कंटाळवाणे असते आणि ते कोणतेही एआय तुमच्यासाठी करून देत नाही, कारण उत्तर कागदपत्रांत नसते. ते तुम्हालाच ठरवायचे असते.

तिसरी पायरी: उधारीचा हिशेब

टॅलीतून गेल्या दोन वर्षांचे बिलवार येणे काढावे. प्रत्येक बिलासमोर इनव्हॉइसची तारीख, ग्राहकाने माल स्वीकारल्याची तारीख, ठरलेली मुदत, पैसे जमा झाल्याची तारीख, आणि मध्ये आलेल्या डेबिट नोटची (ग्राहकाने बिलातून कापून घेतलेली) रक्कम हवी. नुसती सरासरी काढून थांबू नये. चाळीस दिवसांत नेमाने पैसे देणारा ग्राहक आणि निम्मी बिले दहा दिवसांत व निम्मी सत्तर दिवसांनी देणारा ग्राहक यांची सरासरी सारखीच येते, पण पगाराच्या आठवड्यात त्या दोघांतला फरक मालकाला पुरेपूर कळतो. म्हणून सरासरीशेजारी सर्वाधिक उशिराच्या दहा टक्के बिलांचे दिवसही मांडावेत.

मग उशिराची किंमत काढावी. दहा लाखांचे बिल ठरलेल्या मुदतीनंतर साठ दिवसांनी मिळाले आणि कॅश क्रेडिटचा (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) व्याजदर १२ टक्के असला, तर व्याज सुमारे १९,७०० रुपये होते. त्या मालावर नफा ८ टक्के, म्हणजे ८०,००० रुपये असेल, तर जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या उशिरात गेला. हा आकडा ग्राहकवार मांडला की ‘मोठा ग्राहक’ आणि ‘चांगला ग्राहक’ या दोन याद्या वेगळ्या होतात आणि पुढच्या दराच्या बोलणीत काय मागायचे ते स्पष्ट होते.

इथे कायदाही मदतीला येतो. उद्यम (सरकारची लघुउद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचे कलम १५ सांगते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. त्या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते, ही ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. ती कायद्याच्या वर्गवारीत ‘मध्यम’ ठरणाऱ्या उद्योगाच्या बिलांना लागू होत नाही, त्यामुळे १ एप्रिल २०२५ पासूनच्या सुधारित मर्यादांनुसार (लघु उद्योगासाठी गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत) आपण कुठे बसतो हे सीएंकडून पक्के करून घ्यावे. ग्राहकाला नोटीस पाठवून संबंध बिघडवावेत, असे यातून सुचवायचे नाही. फेब्रुवारीत त्याच्या फायनान्स विभागाला ‘३१ मार्चपूर्वी या बिलांची मुदत संपते’ एवढी बिलवार यादी सौजन्याने पाठवली, तरी बरेच काम होते. आणि ती यादी बनवण्यासाठी आधीचा स्वच्छ डेटाच लागतो.

चौथी पायरी: आकड्यांच्या चढउतारावर न धावणे

सोमवारच्या बैठकीत मालक रिजेक्शनचा आकडा पाहतो. वाढला असेल तर प्रॉडक्शन मॅनेजरची कानउघाडणी होते, घटला असेल तर समाधान व्यक्त होते. यातला बराच भाग व्यर्थ असतो, हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी बेल समूहातील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना १९२४ मध्येच दाखवले होते. प्रत्येक प्रक्रियेत स्वाभाविक चढउतार असतो. वेगळे कारण शोधण्याची वेळ त्याच्या पलीकडचा आकडा आला तरच येते. शंभर वर्षांपूर्वीची ही पद्धत आजच्या अनेक महागड्या डॅशबोर्डांपेक्षा अधिक उपयोगी आहे आणि तिला एक्सेलचे एक पान पुरते.

समजा, दहा आठवड्यांचे रिजेक्शन टक्क्यांत ३.१, २.६, ३.४, २.९, ३.८, २.७, ३.०, ३.५, २.८ आणि ३.२ असे आहे. सरासरी ३.१ येते. आता लागोपाठच्या दोन आठवड्यांमधला फरक, चिन्ह सोडून, काढावा: ०.५, ०.८, ०.५, ०.९, १.१, ०.३, ०.५, ०.७, ०.४. या नऊ फरकांची सरासरी ०.६३ आहे. तिला २.६६ ने (हा या पद्धतीचा ठरलेला गुणक) गुणले की सुमारे १.६८ येते. सरासरीत तेवढे मिळवून वरची मर्यादा अंदाजे ४.८ आणि वजा करून खालची मर्यादा अंदाजे १.४ मिळते. म्हणजे ज्या आठवड्यात ३.८ टक्के आले, त्या आठवड्यात काहीही विशेष घडले नव्हते, आणि पुढच्या आठवड्यात २.७ वर आले ते कोणाच्या ओरडण्यामुळे नव्हे. उलट उद्या ५.२ आले, तर त्याच दिवशी इन्सर्ट, कूलंट, गेज, कास्टिंगचा हीट नंबर (धातूच्या एका ओतकामाचा क्रमांक) आणि नवा ऑपरेटर यांची चौकशी व्हायला हवी. सलग आठ आठवडे आकडा सरासरीच्या एकाच बाजूला राहिला, तरी काहीतरी सरकले आहे असे समजावे.

३.१ हीच पातळी परवडत नसेल, तर एकेका आठवड्याचा जाब विचारून ती खाली येत नाही. त्यासाठी वर्षभराचे रिजेक्शन मशीन, शिफ्ट, पार्ट नंबर आणि पुरवठादाराचा लॉट यांनुसार वेगळे करून पाहावे लागते. मोठा हिस्सा बहुधा मोजक्या जोड्यांत सापडतो, उदाहरणार्थ एक विशिष्ट मशीन आणि एक विशिष्ट भाग. आणखी एक सावधगिरी: आठवड्याच्या आकड्यावर माणसांना बोलणी बसू लागली, की नग रिजेक्शनच्या लाल पेटीऐवजी रीवर्कच्या रॅकवर जमा होऊ लागतात. कागदावर सुधारणा दिसते आणि डेटा कायमचा बिघडतो. त्यानंतर त्यावर कितीही प्रगत मॉडेल चालवले तरी उपयोग नाही.

पाचवी पायरी: एआय कुठे बसते ते पाहणे

एवढे झाल्यावरच एआयचा विचार करावा, आणि तो करताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात हे लक्षात ठेवावे: आकड्यांवरून अंदाज बांधणारी मॉडेल, कॅमेऱ्याने तपासणी करणारी यंत्रणा आणि चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारखी भाषिक मॉडेल.

मागणीच्या अंदाजात आपल्याकडची मुख्य अडचण म्हणजे ग्राहकाने दिलेले तीन महिन्यांचे शेड्यूल आणि त्याची प्रत्यक्ष उचल यांतली तफावत. ग्राहकवार गेल्या अठरा महिन्यांचे शेड्यूल आणि उचल समोरासमोर मांडले, तर कोण नेहमी फुगवून सांगतो आणि कोण शेवटच्या आठवड्यात वाढवतो ते कोणत्याही एआयशिवाय दिसते. सणांमुळे महिन्यांची तुलनाही फसवी ठरते: लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, त्यामुळे दुचाकीचे भाग बनवणाऱ्याने ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी केली तर तो चुकणारच; दिवाळीपूर्वीचे आठवडे मोजून तुलना करावी. विकणाऱ्या कंपनीकडून मॉडेल घ्यायचेच असेल, तर एक अट घालावी. मागील सहा महिने झाकून ठेवून त्यांचा अंदाज करायला लावावा, आणि ‘गेल्या महिन्याइतकीच उचल होईल’ या फुकटच्या अंदाजापेक्षा तो लक्षणीय सरस ठरला तरच पैसे द्यावेत. अंदाजावर किती पैसे लावायचे हा स्वतंत्र निर्णय आहे. झिलो या अमेरिकी कंपनीने घरांच्या भावी किमतींच्या अंदाजावर स्वतःच घरे विकत घेण्याचा व्यवसाय उभारला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, किमतींचा अंदाज पुरेसा साधत नसल्याचे सांगून, तो बंद केला.

कॅमेऱ्याच्या तपासणीत टक्केवारी ऐकून भुलू नये. समजा दहा हजार नगांत एक टक्का, म्हणजे १०० नग सदोष आहेत. कॅमेरा त्यांतले ९५ टक्के पकडतो आणि चांगल्या नगांपैकी फक्त ३ टक्के चुकून नाकारतो, असे विक्रेता सांगतो. ऐकायला उत्तम वाटते. प्रत्यक्षात तो ९५ सदोष नग बाजूला काढेल, पाच सोडून देईल, आणि ९,९०० चांगल्या नगांपैकी २९७ नाकारेल. नाकारलेल्या ३९२ नगांपैकी तीन-चतुर्थांश चांगले असतील. म्हणून नाकारलेल्या नगांची माणसाकडून फेरतपासणी, तिला लागणारा वेळ आणि सुटलेल्या पाच नगांची ग्राहकाकडची किंमत, असे तिन्ही धरूनच गुंतवणूक ठरवावी. नग तेलकट असणे, प्रकाश बदलणे आणि जिगमध्ये नग थोडा फिरणे यांमुळे चांगली मॉडेलही चुकतात, तेव्हा चाचणी विक्रेत्याच्या प्रयोगशाळेत न करता आपल्याच शॉप फ्लोअरवर, रात्रपाळीतही व्हावी.

भाषिक मॉडेलांचा फायदा मध्यम कारखान्याला सर्वांत लवकर मिळतो, कारण मालकाचा आणि मॅनेजरांचा बराच दिवस कागद वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. ग्राहकाच्या चाळीस पानी खरेदी-अटींतून दंड, वॉरंटी आणि टूलिंगच्या मालकीची कलमे काढणे, जुन्या आणि नव्या अटींतला फरक दाखवणे, तक्रारीच्या उत्तराचा ८डी (आठ टप्प्यांत कारण आणि उपाय मांडणारा) मसुदा तयार करणे, आणि मशीनच्या इंग्रजी सूचनांवरून ऑपरेटरांसाठी सोपी मराठी व हिंदी कार्यसूचना लिहिणे, ही कामे ती चांगली करतात. वापरताना मूळ कागद सोबत द्यावा, प्रत्येक विधानाशेजारी कलमाचा आणि पानाचा क्रमांक मागावा, आणि माहिती कागदात नसेल तर ‘सापडले नाही’ असेच लिहायला सांगावे. मग दिलेला प्रत्येक क्रमांक मूळ कागदात उघडून पाहावा. बेरजा आणि टक्केवाऱ्या मजकुरात करून घेण्याऐवजी एक्सेलचे सूत्र लिहून मागावे आणि ते स्वतःच्या फाइलवर चालवावे. नवे काम सोपवण्यापूर्वी ज्यांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत अशी वीस जुनी प्रकरणे देऊन परीक्षा घ्यावी. त्यांतली पंधराच बरोबर आली तर ते साधन मसुद्यापुरते ठेवावे.

तपासणी टाळल्याची किंमत नावाजलेल्या संस्थांनीही मोजली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइटच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने सरकारला दिलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आढळल्यानंतर शुल्काचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. तो अहवाल तयार करताना एआयचा वापर झाला होता. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीची जबाबदारी कंपनीवरच टाकली. ग्राहकाला थेट उत्तर देणारा बॉट आपल्यासारख्यांनी इतक्यात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: काय बाहेर जाऊ द्यायचे नाही

२०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी आणली. आपल्याकडे सोर्स कोडच्या जागी ग्राहकाचे ड्रॉइंग असते, आणि ते बहुधा गोपनीयतेच्या कराराखाली आलेले असते. कामगारांची हजेरी, बोटांचे ठसे, पगार आणि वैद्यकीय तपासण्या हा वैयक्तिक डेटा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्याला लागू होतो; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने आहे, आणि सुरक्षेतल्या गंभीर हलगर्जीसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

यासाठी एक पानाचा नियम मराठीत लिहून सर्वांची सही घ्यावी. ग्राहकाचे ड्रॉइंग, दरपत्रकाची मूळ फाइल आणि कामगारांची माहिती कोणत्याही खासगी खात्यावरून एआयला देऊ नये. कंपनीच्या पैशाने घेतलेल्या खात्यातच काम करावे. आणि त्या खात्याच्या अटींत दिलेला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जात नाही ना, हे खाते घेण्यापूर्वीच वाचावे. बंदी घालून प्रश्न सुटत नाही. बंदी घातली तर माणसे स्वतःच्या मोबाइलवरून तेच करतात, आणि मग मालकाला कळायलाही मार्ग उरत नाही.

सातवी पायरी: निर्णयांची वही

मला विचाराल तर साऱ्या प्रक्रियेचा कणा ही वही आहे, आणि नेमकी तीच सर्वांत कमी ठिकाणी दिसते. प्रत्येक मोठ्या निर्णयाची एक ओळ असावी: तारीख, निर्णय, डेटा किंवा मॉडेल काय सांगत होते, मालकाने काय ठरवले, त्यातून कोणता आकडा किती बदलेल अशी अपेक्षा आहे, आणि पुन्हा पाहण्याची तारीख. मॉडेलचा सल्ला डावलण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे, कारण ग्राहकाच्या प्लांटमध्ये संप होणार असल्याची कुणकुण त्याच्याच कानावर आलेली असते, टॅलीच्या नव्हे. फक्त डावलण्याचे कारण त्याच दिवशी लिहावे. सहा महिन्यांनी ती पाने उलटली, की आपला अंदाज कोणत्या विषयात मॉडेलपेक्षा सरस ठरतो आणि कोणत्या विषयात आपण केवळ सवयीने नकार देत होतो, ते नावानिशी समोर येते.

साप्ताहिक बैठक याच वहीवरून चालवावी आणि तिला एका पानाहून जास्त आकडे आणू नयेत. मोबाइलवर क्षणोक्षणी बदलणारा डॅशबोर्ड मालकाला आवडतो हे खरे, पण त्यामुळे रात्री अकरा वाजता सुपरवायझरला फोन जाण्यापलीकडे सहसा काही घडत नाही.

माणसे आणि खरेदी

हे काम संगणकाच्या माणसावर सोपवू नये. हिशेब समजणारी एक व्यक्ती आणि शॉप फ्लोअरवर दहा वर्षे काढलेली एक व्यक्ती, अशी जोडी करून दोघांनाही आठवड्यातून अर्धा दिवस त्यासाठीच मोकळे ठेवावे. पहिले काही महिने एक्सेलमधली पिव्होट टेबल आणि पॉवर क्वेरी ही साधने पुरतात. कोणता आकडा कशासाठी हवा हे स्पष्ट होण्याआधी घेतलेली ईआरपी (सगळ्या विभागांचे एकत्रित सॉफ्टवेअर) म्हणजे जुना गोंधळ नव्या स्क्रीनवर.

बाहेरून काही घ्यायचे ठरलेच, तर करारात तीन बाबी लेखी असाव्यात. आपला डेटा आपल्या मालकीचा राहील आणि मागितल्यावर एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात पूर्ण परत मिळेल. चाचणीची मुदत आणि यशाचा आकडा आधी ठरलेला असेल. आणि तो आकडा गाठला नाही तर उरलेले पैसे द्यावे लागणार नाहीत. यशाचा आकडा रुपयांत किंवा दिवसांत असावा, जसे की वसुलीचे दिवस ७२ वरून ६० वर येणे. ‘कार्यक्षमता वाढेल’ असे शब्द करारात आले तर सही करण्यापूर्वी ते खोडून तिथे आकडा लिहून घ्यावा.